जुन्या मोटारीचा स्रोतोरोध

आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत हल्लीं मोटार शिरली आहे, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या दारांतून आपल्या दारीं आलेली असते. कोणास परगांवीं नोकरी लागते, कोणी नवी गाडी घेतो, कोणाचे डोळे थकतात. आणि दहा-बारा वर्षें वापरलेली गाडी, तिचे गुण दाखवून व दोष झांकून, आपल्या पदरीं पडते. अशा गाडीच्या अंगीं जे विकार असतात, त्यांपैकीं एकाची कुरकुर आम्हांस वारंवार ऐकूं येते. "इंजेक्टर चोक झालेत," असें गॅरेजवाला सांगतो, आणि यजमान मान डोलावून पैसे मोजतात. इंजेक्टर म्हणजे काय, तो कां तुंबतो, आणि तुंबूं नये म्हणून घरच्या माणसास कांहीं करतां येण्यासारखें आहे कीं नाहीं, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती आम्हांस करावी लागली. कां करावी लागली तें पुढें येईलच.

आम्ही यंत्रज्ञ नव्हों. मॅट्रिकपुढें आमचें इंग्रजी शिक्षण झालें नाहीं. आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु या विषयांत शिरतांना आमच्या जुन्या विद्येंतील दोन शब्द आम्हांस फार उपयोगी पडले. आपल्या वैद्यकांत शरीरांतील वाहिन्यांस 'स्रोतस्' म्हणतात, आणि स्रोतस् अडले कीं व्याधि उत्पन्न होतो, असें मानतात. दुसरा शब्द 'निदानपरिवर्जन'. रोगाचें जें कारण तें टाळणें, हीच पहिली चिकित्सा. मोटारीचे इंजेक्टर म्हणजे तिचे अतिसूक्ष्म स्रोतस् होत. आणि त्यांच्या अवरोधाचें कारण बाटलींतील औषधानें जात नाहीं, तें गाडी वापरण्याच्या रीतींत असतें. आमचा सारा मुद्दा एवढाच आहे.

आमच्या पिढीच्या भगिनींस हा विकार नवा वाटूं नये. गॅस घरोघर येण्यापूर्वीं स्वयंपाकघरांत पितळी प्रायमस स्टोव्ह असे. टांकींत रॉकेल, पंपानें भरलेली हवा, तापलेल्या बर्नरमध्यें होणारी रॉकेलाची वाफ, आणि ती वाफ सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून जोरानें बाहेर. त्या निपलच्या तोंडाशीं काजळी धरली कीं ज्योत पिवळी पडे, भांडीं काळीं होत, आणि घरांतील कोणीतरी पत्र्याच्या पट्टीस जडविलेली पिन शोधावयास धांवे. मोटारीचा इंजेक्टर हा त्या निपलचा शिकलासवरलेला नातू होय. फरक इतकाच कीं यास पिन मारतां येत नाहीं.

पूर्वींच्या गाड्यांत हवेंत पेट्रोल मिसळण्याचें काम कार्बुरेटर करी. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० गाडींत कार्बुरेटरच होता. त्याचें जेट एखादा जाणता ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला उभा राहून तोंडानें फुंकून साफ करी. इकडे जर्मनींतील बॉश कंपनीनें विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारण्याची पद्धति १९६७ सालींच फोक्सवॅगनच्या मोटारींत बाजारांत आणली होती. आपल्याकडे तिचा प्रसार झाला तो धुरावरील निर्बंधांमुळें. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या परिसरासाठीं कडक मर्यादा घातल्या. २००० सालीं देशभर शिसेरहित पेट्रोल झालें आणि नव्या गाड्यांस नवे नियम लागले. पुढील थोड्याच वर्षांत नव्या मोटारींतून कार्बुरेटर नाहींसा झाला. सांगावयाचें तें हें कीं, आज आपल्या दारांत जी 'जुनी' गाडी येते, ती आपल्यास जुनी दिसली तरी तिच्या पोटांत इंजेक्टरच असतात.

त्यांचें काम पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. बोटाएवढी ती एक नळी; आंत एक सुईसारखी झडप, तिच्याभोंवतीं तारेचें वेटोळें. गाडींतील संगणक त्या वेटोळ्यांत वीज सोडतो, लोहचुंबकाच्या ओढीनें सुई अदमासें केसाच्या जाडीइतकी वर उचलली जाते, आणि वातावरणाच्या तिप्पट दाबाखालीं असलेलें पेट्रोल बारीक छिद्रांतून धुक्यासारखें बाहेर पडतें. गाडी जागेवर उभी राहून घुरघुरत असतांना ही झडप एका वेळीं दोन-तीन सहस्रांश सेकंदच उघडी असते. इंजिनाचे फेरे मिनिटास ८०० धरले तर मिनिटांत ४०० वेळां. रस्त्यावर २५०० फेऱ्यांनीं तासभर गाडी चालली तर एकेका इंजेक्टरानें ७५,००० वेळां तोंड उघडलें व मिटलें असें समजावें. इतक्या काटेकोर यंत्राच्या मुखाशीं कागदाएवढा थर बसला तरी फवाऱ्याची धार होते, धारेचें ठिबकणें होतें. मग चार सिलिंडरांपैकीं एकाची उपासमार होते आणि गाडी थरथरूं लागते.

आतां हा थर येतो कोठून? सामान्य समजूत अशी कीं पेट्रोल घाण असतें म्हणून. तें खरें आहे, पण अर्धेंच. पेट्रोल हा एक पदार्थ नसून हलक्या-जड अनेक द्रवांचा मेळ आहे. गाडी चालत असेपर्यंत नवें पेट्रोल इंजेक्टराच्या तोंडावरून सारखें वाहत असतें, आणि त्यामुळें तें तोंड धुतलें जातें व थंडहि राहतें. गाडी थांबविली कीं पेट्रोल थांबतें, पंखा थांबतो, इंजिनाभोंवतीं फिरणारें पाणी थांबतें. परंतु इंजिनाच्या लोखंडांत मुरलेली उष्णता थांबत नाहीं. ती वर चढते, आणि पहिल्या पाऊण-एक तासांत इंजेक्टराचें टोंक चालत्या गाडीपेक्षांहि अधिक तापतें. टोंकास लागून राहिलेल्या थेंबांतील हलके अंश उडून जातात. जड अंश मागें राहून आळतात व चिकटतात. साखरेच्या पाकाचा चमचा न धुतां शेगडीच्या कडेला ठेवला तर त्यावर जो कांचेसारखा थर बसतो, तोच प्रकार येथें होतो. एक थर कांहींच नव्हे. पण दिवसांतून चार वेळां, वर्षांतून तीनशें दिवस, असे थर बसूं लागले म्हणजे स्रोतोरोध होतो.

ही आमची कल्पना नव्हे. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत हा विकार फार बोकाळला, तेव्हां तेथील तज्ज्ञांनीं पेट्रोलाची परीक्षा घेण्याची एक रीत ठरविली. गाडी पंधरा मिनिटें चालवावयाची व पंचेचाळीस मिनिटें बंद ठेवावयाची, आणि हेंच चक्र हजारों मैल होईपर्यंत फिरवावयाचें. इंजेक्टर लवकरांत लवकर तुंबवावयाचा असेल तर याहून सोपा उपाय नाहीं, असाच त्याचा अर्थ. पुढें १९९५ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या सर्व पेट्रोलांत मळ धरूं न देणारें द्रव्य घालणें सक्तीचें झालें.

वाचकहो, पंधरा मिनिटें चालणें आणि पाऊण तास थांबणें, हें वाचून आम्हांस आमच्या माणिकपूरची आठवण झाली. आमच्या गांवाची रचनाच तशी आहे. वसई रोडचें स्टेशन, अंबाडी रोडचीं दुकानें, भाजीबाजार, शाळा, दवाखाने, सारें दोन-तीन किलोमीटरांच्या आंत. मोटार निघते, तापते न तापते तोंच थांबते. पिशवी भरून होते, पुन्हां निघते, पुन्हां थांबते. मुंबईस जावयाचें तर लोकल आहे. म्हणून गाडीस लांबचा रस्ता महिनोन्‌महिने दिसत नाहीं. वसईचीच काय, ठाणें, डोंबिवली, कल्याण, पुण्याच्या पेठा, जेथें जेथें निवृत्त माणसाची गाडी आहे, तेथें तेथें ही कथा सारखीच असावी.

आमच्या घरीं तर याहून निकड होती. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सारे दादा म्हणतात, त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत. आठवड्यांतून तीन दिवस, प्रत्येक वेळीं चार तास, त्यांस डायलिसिसच्या यंत्रावर निजावें लागतें. केंद्र घरापासून तीन किलोमीटरांवर, पाळी पहाटेची. रिक्षा मिळत नाहीं असें नाहीं, परंतु पावसाळ्यांत पहाटे साडेपांचास ती मिळेलच याचा भरंवसा नाहीं, आणि आमच्याकडील खड्ड्यांचे हिसके त्या शरीरास सोसत नाहींत. पाळीस उशीर झाला तर मागच्या रुग्णासाठीं यंत्र वेळेवर सोडावेंच लागतें, म्हणून यांचे तास कापले जातात. पाळी चुकलीच तर शरीरांत सांचलेलें पाणी पुढल्या खेपेपर्यंत छातीवर बसतें. यासाठीं चिरंजीवांनीं बारा वर्षें वापरलेली एक लहान पेट्रोलची गाडी घेऊन दिली. पहिल्या धन्यानें तीस सीएनजीचें किट बसविलें होतें, आणि त्याचा वापर बहुतेक सगळा त्या वायूवरच झालेला होता.

पहिल्याच श्रावणांत गाडी पहाटे कुरकुरूं लागली. किल्ली फिरविल्यावर इंजिन उचल घेई, मग मलेरियाच्या रुग्णासारखें थरथरे. गियर घालून निघावें तो हिसका देऊन बंद पडे. आम्ही तिला एका गॅरेजांत नेलें. तेथील गृहस्थांनीं झांकण उघडून कानानें ऐकलें आणि निकाल दिला, "चारी इंजेक्टर बदला." आंकडा सांगितला तो आमच्या दीड महिन्याच्या पेन्शनीएवढा होता. आम्हीं विचारलें, "कोणता बिघडला आहे तें कशावरून कळलें?" उत्तर मिळालें, "चारी एकत्रच जातात."

हें उत्तर आमच्या मनास पटलें नाहीं. वर्गांत चार मुलें नापास झालीं तरी चौघांच्या उत्तरपत्रिका निरनिराळ्या तपासाव्या लागतात. माणिकपुरांतच आमचा एक जुना विद्यार्थी मोटार-दुरुस्तीचें काम करतो. संस्कृतांत त्यास कधीं गति नव्हती, पण हात बोलका. तो म्हणाला, "सर, एकदम बदलू नका. आधी कोण आजारी आहे ते तरी बघू."

त्यानें प्रथम इंजेक्टरांस हात लावलाच नाहीं. स्पार्क प्लग काढून पाहिले, एकाची तोंडें काळीं होतीं ती बदललीं. हवेचा फिल्टर झटकला. थ्रॉटल बॉडी पुसून काढली. पेट्रोलचा दाब मापला. स्कॅनर लावून संगणकाची तक्रार वाचली. हीं सारीं कारणें इंजेक्टराचें सोंग घेऊन येतात, असें तो म्हणाला. थरथर कमी झाली, पण गेली नाहीं. मग चारी इंजेक्टर उतरवून त्यानें ते तपासणीच्या यंत्रावर चढविले. चार उभ्या कांचेच्या नळ्या, वर चार इंजेक्टर. यंत्र सुरू केलें कीं चौघांनीं सारख्या वेळांत सारखें द्रव सोडलें पाहिजे. तिघांच्या नळ्या जवळजवळ बरोबरीनें भरल्या. चवथ्याची पाऊणच भरली, आणि त्याचा फवारा नव्हता, एका अंगास वांकडी धार होती. सूक्ष्म ध्वनिलहरींच्या द्रवस्नानांत चौघांस घालून, त्यांच्या मुखांतील बारीक जाळ्या व रबरी कडीं बदलून पुन्हां चढविले, तेव्हां चारी नळ्या सारख्या भरल्या. नव्या इंजेक्टरांचा जो आंकडा आम्हांस सांगितला होता, त्याच्या आठव्या हिश्शांत काम झालें.

निघतांना त्यानें जें वाक्य सांगितलें, तें आम्हांस एखाद्या सूत्रासारखें वाटतें. "सर, ही गाडी चालत नाही. नुसती चालू-बंद होते."

त्यावरून व पुढील वाचनावरून आम्हीं घरांत जीं पथ्यें बांधलीं, तीं येथें देतों.

पहिलें पथ्य चालण्याचें. आठवड्यांतून एकदां गाडीस निदान पाऊण तास अखंड चालवावें, तेंहि मोकळ्या रस्त्यावर, इंजिन पुरें तापेल अशा बेतानें. आम्ही रविवारीं पहाटे वसई फाट्यावरून अहमदाबादच्या महामार्गास लागतों आणि शिरसाडपर्यंत जाऊन परततों; महिन्यांतून एकदां पुढें वज्रेश्वरीपर्यंत. चिमाजीअप्पांनीं वसईच्या मोहिमेंत जिला नवस केला व १७३९ च्या विजयानंतर जिचें देऊळ बांधविलें, त्या देवीचें दर्शन घडतें आणि गाडीचे स्रोतस्‌हि वाहते राहतात. कोणी म्हणेल, हा पेट्रोलचा अपव्यय. चाळीस किलोमीटरांस अडीच लिटर धरा. इंजेक्टरांच्या एका दुरुस्तींत अशा कित्येक फेऱ्या बसतात. उलट पुष्कळ लोक गाडी दारांत उभी करून दहा मिनिटें नुसती सुरू ठेवतात व तिला व्यायाम झाला असें समजतात. त्यानें इंजिन अर्धवट तापतें, पेट्रोल थेंबाथेंबानें जातें, आणि नंतर तीच बंद गाडीची आंच लागते. म्हणजे उपाय म्हणून केलेलें कृत्यच अपायास हातभार लावतें. बाजाराचीं चार कामें असतील तर तीं एका फेरींत बसवावीं, आणि एका ठिकाणीं गाडी ठेवून उरलेलीं पायीं करावीं. हें गाडीस जितकें हितकर, तितकेंच आमच्या वयाच्या गुडघ्यांसहि.

दुसरें पथ्य सीएनजीवाल्यांचें. वायूवर गाडी चालते तेव्हां पेट्रोलचे इंजेक्टर तापलेल्या इंजिनावर रिकामे बसून असतात. त्यांच्या तोंडावरून धुणारें पेट्रोल वाहत नाहीं. अनेक किट सुरुवातीचें अर्धें-एक मिनिटच पेट्रोलवर घेतात. काटकसरी यजमान टांकींत चार लिटर पेट्रोल टाकून सहा महिने विसरतात; तेवढ्या काळांत तें शिळें होऊन स्वतःच चिकट होऊं लागतें. म्हणून आठवड्याची ती लांब फेरी बटण दाबून पेट्रोलवरच करावी, म्हणजे जुनें संपतें व नवें भरलें जातें. आमच्या गाडीचा चवथा इंजेक्टर अशाच उपेक्षेनें आजारी पडला असावा, असा आमच्या विद्यार्थ्याचा तर्क आहे.

तिसरें पथ्य गाळण्याचें. टांकी व इंजेक्टर यांच्या मध्यें पेट्रोलचा फिल्टर असतो. कांहीं गाड्यांत तो खालच्या अंगास वेगळा बसविलेला असतो, कांहींत टांकीच्या आंत पंपाबरोबरच. गाडी हातीं आली कीं पूर्वींच्या धन्याचें कितीहि आश्वासन असलें तरी तो एकदां बदलावा, आणि पुढें गाडीबरोबरच्या पुस्तिकेंतील अंतरानुसार बदलीत जावा. टांकी तळास जाऊं देऊं नये. पेट्रोलचा पंप टांकींतील पेट्रोलांतच बुडून थंड राहतो. तें कमी झालें कीं पंप तापतो, आणि तळचा गाळ ओढला जाण्याचा संभव वाढतो. दादा विनोदी आहेत. फिल्टर बदलून आलों त्या दिवशीं ते म्हणाले, "माझें गाळणें आणि गाडीचें गाळणें, दोन्हीं वेळच्या वेळीं सांभाळा, म्हणजे आम्ही दोघेहि अजून थोडे धांवूं."

चवथें पथ्य पेट्रोल कोठून घ्यावें याचें. भेसळीचा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत केवळ इंजिनाच्या आरोग्याचा राहिलेला नाहीं. २५ जानेवारी २०११ रोजीं मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ भेसळीचा संशयित प्रकार पाहून तपासणीस थांबले असतां भेसळ करणाऱ्यांनीं त्यांस भर दिवसा जाळून मारलें. एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यानें ज्यासाठीं प्राण दिला, त्या गोष्टीकडे आपण पंपावर उभे असतां पाहूंहि नये, हें बरें नव्हे. रॉकेल पेट्रोलाहून जड. तें पुरें जळत नाहीं, काजळी धरतें, आणि वर सांगितलेला चिकट थर अधिक भरभर चढवितें. ग्राहकास दोन साधे अधिकार आहेत. पंपावर गाळणकागद मागावा. त्यावर नळीच्या तोंडाचा एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातें व कागद कोरा राहतो. डाग उरला तर संशयास जागा आहे. दुसरें, पेट्रोलाची घनता विचारावी. १५ अंश तपमानास ती घनमीटरास ७२० ते ७७५ किलोग्रॅम असावयास पाहिजे, आणि टँकरबरोबर आलेल्या कागदांतील आंकड्याशीं तिचा फरक तिनाहून अधिक नसावा. हें विचारण्यांत भांडणाचा सूर नको. भाजी घेतांना आपण भेंडी मोडून पाहतों, तितकेंच सहज हें असावें. शिवाय टँकर रिता होत असतांना त्या पंपावर पेट्रोल भरूं नये. तळचा गाळ त्या वेळीं ढवळला जाण्याचा संभव असतो.

पांचवें पथ्य पाण्याचें, आणि तें सांगतांना इथेनॉलाचा उल्लेख ओघानें येतोच. उसाच्या मळीपासून व धान्यापासून होणारें हें मद्यार्क पेट्रोलांत दहा टक्के मिसळण्याचें उद्दिष्ट आपल्या देशानें २०२२ च्या जूनमध्यें गांठलें. वीस टक्क्यांचें मिश्रण २०२३ च्या फेब्रुवारींत विक्रीस आलें आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलें. जुन्या गाड्यांच्या धन्यांत त्यामुळें फार घबराट आहे. तींतील खरें किती तें पाहूं. इथेनॉलांत उष्णता पेट्रोलाहून सुमारें एक तृतीयांशानें कमी. म्हणून जुन्या गाडीचें अॅव्हरेज थोडें घटतें. नीति आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यांतच, जुन्या आंखणीच्या चारचाकींत ही घट सहा-सात टक्के होईल असें मांडलें होतें. रबरी नळ्या व कडीं २०२३ पूर्वींच्या गाड्यांत या मिश्रणासाठीं केलेलीं नसूं शकतात. तीं वर्षांतून एकदां तपासून घ्यावीं. इंजेक्टरापुरतें बोलावयाचें तर इथेनॉल हें चांगलें द्रावक आहे. जुन्या टांकींत वर्षानुवर्षें बसलेला मळ तें सोडवितें, आणि तो मळ फिल्टरावर येऊन बसतो. म्हणजे दोष मळाचा. आणि फिल्टर बदलण्याचें तिसरें पथ्य पाळणाऱ्यास त्याचें भय थोडें.

खरें भय पाण्याचें. इथेनॉल पाण्यास मित्र मानतें; थोडें पाणी तें पोटांत सामावून घेतें, पण मर्यादेबाहेर गेलें कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं बसतात व पेट्रोल वर तरंगतें. तळचें तें पाणचट द्रव पंपानें प्रथम ओढलें जातें, लोखंडास गंज चढवितें, आणि गंजाचे कण पुढें इंजेक्टराच्या जाळीवर जातात. २०१८ च्या जुलैंत वसई-विरारचा परिसर पाण्याखालीं गेला व नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडून लोकलगाड्या थांबल्या, तें दृश्य आमच्याकडील कोणी विसरलेलें नाहीं. अशा पुरानंतर लागलीच, ज्या पंपाच्या आवारांत पाणी शिरलें होतें तेथें पेट्रोल भरूं नये. पावसाळ्यांत टांकी अर्ध्याहून अधिक भरलेली ठेवावी, म्हणजे आंतील दमट हवेस जागा कमी राहते. आणि टांकीच्या झांकणाची रबरी कडी चिरलेली असेल तर ती लगेच बदलावी. ती अगदीं स्वस्त असते.

राहतां राहिली बाटली. दुकानांत इंजेक्टर साफ करणारीं औषधें मिळतात. त्यांतील चांगल्यांत पॉलिईथर अमाइन नांवाचें द्रव्य असतें, आणि तें कोंवळा थर खरोखर विरघळवितें. बाटलीवर तें नांव आहे काय, हें पाहून मगच घ्यावी. पांच-सहा हजार किलोमीटरांस एक, सांगितल्या प्रमाणांत, लांबच्या फेरीच्या आधीं टांकींत घालावी. प्रमाणाबाहेर किंवा दर खेपेस घालणें म्हणजे रोज रेचक घेण्यासारखें. आणि इंजेक्टर पुरा बसला असेल तर बाटलीनें तो उठत नाहीं. जें पेट्रोल त्यांतून जातच नाहीं, त्यांतील औषध तरी कसें जाणार? त्यास उतरवून धुणेंच प्राप्त.

ज्यांस अशी गाडी घ्यावयाची असेल, त्यांस एक सूचना. विकणारा नेहमीं सांगतो, "गाडी फार कमी चालली आहे," आणि आपण त्यावर भुलतों. बारा वर्षांत तीस हजार किलोमीटर म्हणजे दिवसास सातच किलोमीटर झाले. तेवढ्यांत ती किती वेळां तापली व किती वेळां अर्धवट थांबली, याचा हिशेब मीटरवर उमटत नाहीं. त्यापेक्षां रोज लांब जाणाऱ्या माणसाची साठ हजारांची गाडी पुष्कळदां निरोगी निघते. गाडी पाहावयास जावें तें सकाळीं, इंजिन थंड असतांना. किल्ली आपल्यासमोर फिरवावयास लावावी, सीएनजीची असेल तर पेट्रोलवर चालवून पाहावी, आणि वीस मिनिटें फिरवून आणून, पाऊण तास उभी ठेवून, पुन्हां सुरू करावी. याच वेळीं तिच्या इंजेक्टरांची नाडी कळते.

आमच्या गाडीस हीं पथ्यें लागून सतरा महिने झाले. या काळांत दादांची एकहि पाळी गाडीपायीं चुकली नाहीं. परवांच्या धूर-तपासणींतहि आंकडा मर्यादेच्या बराच आंत आला. पुढल्या वर्षीं तिला पंधरा वर्षें पुरीं होतील, तेव्हां नोंदणीचें नूतनीकरण करावयाचें कीं तिला निरोप द्यावयाचा, हें घरांत ठरावयाचें आहे. दादांचें मत नूतनीकरणाकडे आहे. ज्या वाचकांनीं पंधरा वर्षांपुढील गाडी नीट चालविली असेल, त्यांनीं आपला अनुभव मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा.